पानिपतचं ब्लँकेट आणि माझा उजवा खांदा

मला एका जागी बसता येत नाही, ही तक्रार माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी आहे. ‘हुशार आहे, पण चुळबुळ करते.’ शिक्षक बदलले, वाक्य तेच राहिलं. सात वर्षांपूर्वी सरकारी क्वार्टरच्या जिन्यावरून मी पडले, कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं खातं कायमच्या संपावर गेलं. तेव्हा नात्यातल्या काही जणांना दुःखाबरोबर थोडा दिलासाही मिळाला असावा, की आता तरी ही बया बसेल. मी बसले. पण चाकांवर बसले.

तेव्हापासून मी अंतरं रेट्यांत मोजते. रेटा म्हणजे चाकाच्या बाहेर जे गोल कडं असतं, ते दोन्ही हातांनी धरून पुढे दिलेला एक जोर. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत लिफ्टपासून गेटपर्यंत चौऱ्याऐंशी रेटे. ऑफिसात, म्हणजे दिल्लीतल्या केंद्र सरकारच्या एका खात्यात, माझ्या टेबलापासून बड्या साहेबांच्या दारापर्यंत एकशे दहा. साहेब चिडलेले असतील तर एकशे तीस, कारण मी मुद्दाम वळसा घालून जाते.

आणि हे रेटे पडायचे पोवाड्याच्या ठेक्यावर. आम्ही दिल्लीकडची मराठी मंडळी दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जातो. तिथे लढाईत पडलेल्यांची आठवण काढायची, तिळगूळ वाटायचा आणि मग मी पोवाडा म्हणायचा, असा आमच्या मंडळाचा गेल्या अठरा वर्षांचा रिवाज. पोवाडा मीच रचलेला आणि डफही मीच वाजवते. अपघातानंतर दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पहिल्यांदा मला एकटीला सोडलं आणि म्हणाले, “चलाइए”, तेव्हा माझी पार गाळण उडाली होती. हात पुढे होईनात. मग दात घट्ट आवळून मनातल्या मनात पोवाडा सुरू केला. पहिल्या चौकात, म्हणजे कडव्यात, चाक हललं, दुसऱ्यात मी भिंतीवर जाऊन आदळले. त्या दिवसापासून माझे हात डफासारखेच चालतात. ठाण, ठाण, ठाण. मला त्याचा फार अभिमान होता.

अभिमानाची दुसरी गोष्ट होती माझं आसन. खुर्चीवर बसून पहिल्यांदा पानिपतला गेले त्या वर्षी समोर उभ्या राहिलेल्या गर्दीत मी बुडून गेले. पोवाडा रंगला, पण मागच्या रांगेतला एकजण नंतर म्हणाला, “आवाज छान होता हो, कॅसेट कुठे मिळते?” मला जिवंत बाई म्हणून त्यानं पाहिलंच नव्हतं. परत येताना हायवेवरच्या हातमागाच्या दुकानात आम्ही थांबलो. तिथे मी एक जाडजूड ब्लँकेट घेतलं, घरी येऊन त्याची आठपदरी घडी केली आणि ती खुर्चीच्या गादीखाली सरकवली. चार बोटं उंच झाले. ऑफिसात लोक माझ्या डोळ्यांत बघून बोलायला लागले. लिफ्टमध्ये मला लोकांचे पट्टे सोडून चेहरे दिसायला लागले. मी त्याला सिंहासन म्हणायचे. नवरा म्हणायचा, “अगं, पाय लोंबतायत तुझे.” पण माझ्या पायांनी कुठे तक्रार केली होती.

तक्रार केली ती खांद्यानं, आणि तीही सात वर्षांनी. गेल्या नोव्हेंबरात, हवा धुरकट व्हायला लागली त्या दिवसांत, उजवा खांदा बोलू लागला. आधी केस विंचरताना. मग कुकर उचलताना. आणि मग सकाळी पलंगावरून खुर्चीत सरकताना अशी कळ आली की मी मधल्यामधेच, अर्धी इकडे अर्धी तिकडे, थांबून राहिले. एका जागी न बसणाऱ्या बाईला ही फार मोठी शिक्षा.

नवऱ्यानं आणि लेकीनं मला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पंचविशीतली, ताठ, मूळची पानिपतची मुलगी. तिनं खांदा दाबून वगैरे पाहिला आणि म्हणाली, “चलाके दिखाओ, आंटी.” मी तिच्या क्लिनिकचा व्हरांडा अशा थाटात पार केला की तिनं टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

“ये हाथ क्या कर रहे हैं?” तिनं विचारलं.

“चल रहे हैं.”

“चल नहीं रहे, भाग रहे हैं. चेअर तो वहीं की वहीं है.”

मग तिनं माझ्या चाकावर घड्याळाच्या आकड्यांसारखे रंगीत टेपचे तुकडे चिकटवले, लेकीला बाजूनं व्हिडिओ काढायला लावला आणि तो हळू करून मला दाखवला. मी आयुष्यात इतका वाईट प्रयोग पाहिला नाही. माझे हात बाराच्या टेपवर कडं धरत होते आणि एक वाजायच्या आत सोडत होते. तेवढ्यात तवा तापलेला असल्यासारखे हवेत उडत होते आणि परत येऊन कड्यावर आपटत होते. त्या मुलीचं म्हणणं असं, की दर वेळी आपटताना जो झटका बसतो तो चाकाला कमी आणि खांद्याच्या सांध्याला जास्त मिळतो. हात अकराच्याही थोडं मागे न्यायचा, तिथे कडं अलगद धरायचं, दोन वाजेपर्यंत सोबत जायचं आणि मग सोडून द्यायचं. सोडलेला हात वर उडवायचा नाही. तो आपल्या वजनानं कड्याच्या खाली पडू द्यायचा आणि खालूनच गोल मागे आणायचा.

“और ये कोहनी देखो,” ती म्हणाली. चाकाच्या माथ्यावर हात ठेवला की कोपर काटकोनापेक्षा जरासं जास्त उघडं राहिलं पाहिजे. माझा हात काठीसारखा सरळ. “आप इतनी ऊपर क्यों बैठी हो?”

मी छताकडे पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तिनं गादीखालून बाहेर डोकावणारं एक टोक धरलं आणि ओढायला लागली. ती ओढत राहिली आणि ब्लँकेट येत राहिलं. शेवटी ते सगळं जमिनीवर पसरलं तेव्हा तिनं काठ हातात घेऊन बघितला.

“ये तो हमारे यहाँ का माल है.”

“हो ना. तुम्हारे गाँव ने मुझे ऊँचा किया.”

“और हमारे गाँव ने ही आपका कंधा तोड़ा.”

खांद्याचं पानिपत, असं लेक पुटपुटली. दिल्लीत वाढलेली ही मुलगी मराठीतले निम्मे शब्द विसरली आहे, पण हा बरोबर ठेवलाय.

मला हसू आलं होतं, पण ती मुलगी हसत नव्हती. स्टूल ओढून ती माझ्यासमोर बसली. “आंटी, आपके लिए ये सिर्फ़ कंधा नहीं है. घुटना भी यही है, टखना भी यही है. आप इसी पे चलती हो. अभी सूजन है. फट गया तो ऑपरेशन, फिर महीनों इस हाथ पे वज़न नहीं. तब बेड से उठाके चेअर पे आपको कौन रखेगा?”

रखेगा. भाजीची पिशवी ठेवावी तसं. नवरा घसा साफ करून म्हणाला, “मी आहे की.”

“म्हणूनच तर भीती वाटते,” मी म्हटलं. सगळे हसले. पण त्याच्या कमरेला शर्टाखाली पट्टा असतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तिनं पिशवीतून पाना काढला आणि माझ्या मागच्या चाकांचा दांडा एक भोक पुढे सरकवून बसवला. चाक पुढे आलं की कडं हाताच्या जास्त टप्प्यात येतं आणि खुर्ची हलकी पळते. मात्र खुर्ची मागे कलंडायलाही लवकर तयार होते, म्हणून तिनं मागे छोटी आधाराची चाकं लावली. ब्लँकेटची घडी करून ती नवऱ्याच्या हातात दिली आणि हुकूम सुटला: सहा आठवडे घराबाहेर खुर्ची दुसऱ्यानं ढकलायची, चढ बंद, घरात फक्त लांब रेटे. पानिपतचं काय ते जानेवारीत बघू.

दुसऱ्यानं ढकललेल्या खुर्चीत बसणं म्हणजे काय, ते चालणाऱ्या माणसाला सांगून कळणार नाही. माझा नवरा सज्जन आहे आणि सावकाश आहे. भाजीवाल्याशी बोलायला तो थांबला की मी जिकडे तोंड करून असेन तिकडेच राहायचं. एकदा मटारचा भाव आणि भाजीवाल्याच्या मुलीचं लग्न, दोन्ही विषय संपेपर्यंत मी विजेच्या खांबासमोर होते. खांबावर स्पर्धा परीक्षेच्या क्लासची जाहिरात होती. ती मी फोन नंबरासकट पाठ केली.

“अहो,” मी म्हटलं, “मला निदान रस्त्याकडे तरी वळवून ठेवा.”

“अगं, आलोच.”

दहाव्या दिवशी माझा धीर सुटला. ऑफिसात एक मीटिंग अचानक दहा मिनिटं आधी ठरली. मला ढकलणारा शिपाई चहाला गेला होता आणि व्हरांडा समोर रिकामा, गुळगुळीत पसरलेला. कुणी बघत नव्हतं. मी पोवाडा सुरू केला. ठाण, ठाण, ठाण, आणि मीटिंगला पहिली पोचले. काय सांगू, किती बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून खुर्चीत जायला उजवा हात टेकवला आणि तो माझा राहिलाच नाही. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, “थांब, मी घेतो.” त्यानं माझ्या काखेखाली हात घातले, मला चार बोटं उचललं आणि त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मग त्यानं मला अगदी हळू परत पलंगावर ठेवलं आणि स्वतः तितक्याच हळू जमिनीवर बसला. कंबर धरली होती.

लेक चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा असा देखावा होता: मी पलंगावर, नवरा खाली, आणि मधे रिकामी खुर्ची.

“क्या हुआ?” तिनं विचारलं. ती घाबरली की हिंदीत जाते.

“काही नाही,” तिचा बाप जमिनीवरून म्हणाला. “चहा इथेच दे.”

आम्ही चहा घेतला. विनोद करायची पाळी माझी होती आणि मला एकही सुचत नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा खांदा गेला तर मी काही फक्त पोवाड्याला मुकणार नव्हते. रोज सकाळी कुणीतरी येऊन उचलेपर्यंत मी अशी बघत बसणार होते, आणि उचलणारा माणूस तो बघा, जमिनीवर बसून बशीत चहा ओतत होता.

शेवटी लेकीनं एका हातानं त्याला आणि दुसऱ्या हातानं मला मार्गी लावलं. त्या दिवशी मी ऑफिसात जे रजेचं कारण कळवलं ते खोटं होतं.

त्यानंतर मी गुमान शिकायला लागले. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून तो दिवसातून तीनदा मागे ओढायचा, कारण त्या मुलीच्या मते सात वर्षं पुढे रेटून मी छातीकडचे स्नायू पैलवान केले होते आणि पाठीकडचे उपाशी ठेवले होते. पलंगावरून सरकताना एक दिवस डावा हात पुढे, एक दिवस उजवा. ते सगळं जमलं. जमत नव्हता तो लांब रेटा. ठेकाच सुटत नव्हता. हात अकरावरून निघाले की डफ सुरू व्हायचा आणि एकच्या आत कडं सुटायचं. फिजिओ वैतागून म्हणाली, “आंटी, कोई और गाना नहीं आता?”

घरी येऊन मी हॉलमध्ये बसून विचार करत राहिले, की माझ्या हातांना दुसरं काय येतं. तेव्हा आठवलं, लेक तान्ही होती तेव्हा माझ्या क्वार्टरच्या खोलीत कापडाचा पाळणा टांगलेला होता आणि ही कार्टी पाळणा थांबला की रडायची. मी ऑफिसच्या फाइली वाचत वाचत दोरी ओढायची. पाळणा कधी कुणी भराभर ओढतं का? एकदा लांब ओढायचं आणि सोडून द्यायचं. पाळणा आपला जातो, आपला येतो. हात तोवर मोकळा. घाईनं मधेच दोरी खेचली तर पाळणा गचका खातो आणि मूल उठतं.

मी कडं धरलं, लांब रेटलं, सोडलं. हात खाली पडले. खुर्ची आपली चालत राहिली. मी तिला चालू दिलं. हे मला आयुष्यात पहिल्यांदा जमत होतं, की आपण काही करत नाही आणि तरी गोष्ट पुढे जाते आहे. मग ती मंद व्हायला लागली तेव्हा पुन्हा धरलं.

“आई, तू क्या कर रही है?” लेक दारात उभी होती.

“हेलकावा बघतेय.”

“हेलकावा म्हणजे?”

“तुला निजवायला जो लागायचा तो.”

तिनं व्हिडिओ काढला. टेपवर दोन वाजले होते.

मी फार चांगली झाले असं कुणी समजू नये. सहा आठवडे सरल्यावर पाळण्याच्या चालीवर लिफ्टपासून गेटपर्यंत जायला मला आता एकावन्न रेटे पुरत होते, पण मधल्या त्या मोकळ्या क्षणांत माझी अशी काही तगमग व्हायची की काय सांगू. हातांना काम नसलं की मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मी रेट्याच्या मधे शेजाऱ्यांना नमस्कार करायला लागले. सोसायटीत माझी विनयशील म्हणून ख्याती झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फिजिओनं खांदा तपासला, हात वर-खाली करून पाहिला आणि पानिपतला परवानगी दिली. सपाटीवर लांब रेटे. चढावर लहान रेटे चालतील, कारण तिथे हात सुटला की खुर्ची मागे येते. पण पुढे झुकून. “और कोई शो नहीं. मैं उस दिन घर पे हूँ. आके गिनूँगी.”

संक्रांतीला काला अंबला ऊन छान पडलं होतं. मंडळाचे अध्यक्ष, सत्तरीतले काका, गाडीपाशीच हजर. त्यांनी माझ्यासाठी तीन पायऱ्यांचं लाकडी स्टेज बांधून घेतलं होतं आणि खुर्ची उचलायला चार तगडे गडी उभे केले होते.

“ताई, तुम्ही फक्त बसा. आम्ही पालखीसारखं नेतो.”

“काका, पालखीत मी मेल्यावर बसेन. आज हातांनी जाते.”

“अहो, पण लोकांना दिसणार कशा तुम्ही? आता तर पूर्वीपेक्षा खाली गेलायत. ते तुमचं ब्लँकेट कुठाय?”

ब्लँकेट नवऱ्याच्या हातात होतं. आणलं होतं खरं. थंडीसाठी, असं तो म्हणाला होता. काकांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. आठ घड्या घातल्या की पुन्हा सिंहासन. एकच दिवस. नवऱ्यानं ते उलगडलं आणि आपल्या खांद्यांवर पांघरून घेतलं.

मी निघाले. फरसबंदी वाट होती आणि सुरुवातीला किंचित चढ. तिथे पुढे झुकून लहान रेटे दिले. मग सपाटी लागली आणि पाळणा सुरू झाला. लोक दोन्ही बाजूंना उभे होते आणि माझ्या मंद चालीमुळे ते गंभीर झाले. एरवी मी त्यांच्यामधून रणगाड्यासारखी जायचे. खांदा एकदा कुरकुरला, मी थांबले, दोन श्वास घेतले, पुन्हा धरलं.

स्टेजपाशी पोचले तेव्हा काका बरोबर होते हे कळलं. तीन-चारशे माणसं उभी, आणि माझ्यासमोर स्वेटरांची भिंत. उचलायचे चार गडी अजून आशेनं मागे रेंगाळत होते. मी डफ मांडीवर घेतला, एक थाप मारली आणि म्हटलं, “सगळ्यांनी खाली बसायचं.”

कुणी हललं नाही. मराठी माणूस एकदा नीट उभा राहिला की त्याला बसवणं कठीण. मी दुसरी थाप मारली. “आज पोवाडा बसलेल्यांसाठी आहे. उभ्यांनी पुढच्या वर्षी यावं.”

पहिले बसले ते दिल्लीत यूपीएससीची तयारी करणारे विद्यार्थी. त्यांना दिवस दिवस खाली बसायची सवय असते. मग बायका, मग ऑफिसातले साहेब लोक गुडघे धरत, शेवटी काका. सतरंजी पुरली नाही तेव्हा नवऱ्यानं खांद्यावरचं ब्लँकेट काढून पसरलं आणि त्यावर सहाजण बसले. त्याला स्वतःला मात्र कमरेमुळे उभं राहावं लागलं, तो मागे जाऊन एका झाडाला टेकला. बाकी सगळे खाली. त्या मोकळ्या मैदानात तीन-चारशे माणसांत सगळ्यात उंच मी होते, आणि माझ्या गादीखाली काहीही नव्हतं.

पोवाडा मी जुन्याच ठेक्यात म्हटला. ठेका डफावर वाजला, चाकावर नाही.

नंतर गाडीपाशी आले. नवऱ्यानं दार उघडलं आणि सवयीनं पुढे केलेले हात पाठीमागे घेतले. मी खुर्ची गाडीला लावली, त्या दिवशी डाव्याची पाळी होती म्हणून डावा हात सीटवर टेकवला, उजवा खुर्चीवर, आणि सरकले. खांद्याला थोडं कळलं, पण तो काही बोलला नाही. मी सीटवर होते. स्वतःची स्वतः.

तेवढ्यात खिडकीशी फिजिओ आली. रंगीत दुपट्टा, हातात तिळगुळाची पुडी.

“गेट से स्टेज तक तिरेसठ,” ती म्हणाली. “अच्छे थे. एक फालतू था.”

“कौन सा?”

“आख़िरी. स्टेज के सामने. छोटा, तेज़, और हाथ हवा में.”

मी तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, तिळगूळ तोंडात टाकला. ती खरं सांगत होती. तो एक मी लोकांसाठी मारला होता.